‘येऊन गेले’ म्हणजे ‘आले’: बडोद्यात नव्यानं आलेल्या मुलीला पत्र

चिरंजीव बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला, सकाळी चहा घेताना आणखी एकदा. फोनच करणार होते. पण फोनवर तू “हो मावशी, हो मावशी” करत राहशील आणि मला सांगायचं ते निम्मं घशातच राहील. म्हणून लिहायला बसले. तुझी आई आणि मी गिरगावात एका बाकावर बसून शिकलो. तिनं तुला माझ्या भरवशावर बडोद्याला धाडलंय, तेव्हा एखादं वाक्य कडू लागलं तरी गिळून टाक.

तुझ्या तक्रारी मी कागदावर उतरवून काढल्या. डब्याच्या वेळी सगळे गुजरातीत बोलतात आणि तू मोबाईल बघत जेवतेस. एकानं हसत हसत तुला ‘घाटी’ म्हटलं. तीन घरमालकांनी नॉनव्हेज खाता का म्हणून विचारलं आणि दार लावून घेतलं. खालच्या बेन पगार विचारतात, लग्नाचं विचारतात. डाळीत गूळ असतो. लोकल नाही, समुद्र नाही. आणि अगदी शेवटी लिहिलंयस, ‘इथल्या मराठी लोकांचं मराठी तर ऐकवत नाही.’ ह्या एका मेसेजमध्ये ‘गुज्जू’ हा शब्द सहा वेळा आला आहे. मी मोजले.

सगळ्यांना सारखं लांब उत्तर देणार नाही. डाळीतला गूळ आधी संपवते: तुझ्या आजीच्या आमटीत गूळ असायचाच, मी ती आमटी कितीदा जेवले आहे. पगार विचारला तर “चालतंय माझं नीट” म्हण आणि पुढचं बोल. ह्याच बेननं तू तापानं पडलीस तेव्हा डबाभर खिचडी आणून दिली, हे तूच मला सांगितलं होतंस. ज्या बाईला तुझा पगार विचारावासा वाटतो, तिलाच तू दोन दिवस जिना उतरली नाहीस हे कळतं. समुद्राचं मात्र माझ्यापाशी उत्तर नाही. पहिला पाऊस पडला की मला अजून चौपाटीच आठवते.

आता बाकीचं. ते मी तुझ्या शेवटच्या तक्रारीपासून सुरू करणार आहे, कारण ती वाचून मला रात्री झोप लागली नाही.

१९८४ साली लग्न होऊन मी इथं आले. सासर दांडिया बाजारात. जुनं घर, दारापुढे ओटा, आत हिंचका. मी मुंबईची, बी.एस्सी. झालेली, आणि थोड्याच दिवसांत एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीलाही लागले. लग्नाला महिना झाला असेल. संध्याकाळी मामंजी कचेरीतून यायची वेळ झाली होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं. धाकटा पुतण्या धावत आत आला आणि म्हणाला, “काकू, आजोबा येऊन गेले!” मला वाटलं, आले आणि परत कुठंतरी बाहेर गेले. मी आधण उतरवून ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. अर्ध्या तासानं बाहेर येऊन बघते तर मामंजी हातपाय धुऊन, टोपी मांडीवर ठेवून हिंचक्यावर बसलेले. चहाची वाट बघत. एका शब्दानं बोलले नाहीत.

गुजरातीत ‘आवी गया’ म्हणजे आले, पोचले. तेच इथल्या मराठीत ‘येऊन गेले’ झालं. आपल्याला वाटतं माणूस निघून गेला. इथं तो घरात बसलेला असतो.

त्या दिवशी मी खूप हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून घर सुधारायला घेतलं. ‘येऊन गेले’ नाही, ‘आले’ म्हणा. ‘शाक’ नाही, ‘भाजी’ म्हणा. मुलांना सांगायचे, दिरांना सांगायचे, आणि सासूबाईंनाही सांगायचे. सासूबाई इथल्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांच्या तोंडून काही वेगळं आलं की मी ते वाक्य नीट करून त्यांच्या हातात परत द्यायचे. मनात वाईट काही नव्हतं. आपलं बरोबर आहे, एवढी एकच खात्री होती.

दोनेक वर्षांनी एका दुपारी मी कामावरून लवकर आले. सासूबाई ओट्यावर बसून समोरच्या बेनशी गुजरातीत बोलत होत्या. कुणाच्या तरी लग्नातली हकीगत होती. त्या हात नाचवून सांगत होत्या, नवरदेवाच्या मामाचा आवाज काढून दाखवत होत्या, आणि समोरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी कोपऱ्यावर थांबून ऐकत राहिले. दोन वर्षांत मी ह्या बाईला असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे “वाढू का?”, “आणलंस का?”, “बरं.” मी समजत होते, स्वभावानंच कमी बोलतात. मला बघितलं आणि त्या थांबल्या. पदर सावरला आणि म्हणाल्या, “आलीस?” फार जपून, अगदी शुद्ध.

ते ‘आलीस?’ माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या भाषेत ती बाई माझ्यामुळे शब्द तोलून बोलायला लागली होती, आणि मोकळं बोलायचं तर तिला दुसऱ्या भाषेच्या ओट्यावर जाऊन बसावं लागत होतं. मी माफी मागितली, पण लगेच नाही. तेवढं धैर्य गोळा व्हायला आणखी वर्ष गेलं. त्या म्हणाल्या, “तू मुंबईची. तुला चांगलं येतं, आम्हाला नाही येत.” त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते, इथलं मराठी बिघडलेलं मराठी नाही. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर जी माणसं गुजरातेत आली, त्यांच्या घरात ते पिढ्यानपिढ्या बोललं गेलं आहे. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला त्या राज्याची दोन राज्यं झाली. माझे मामंजी दोन्ही वेळा त्याच ओट्यावर बसलेले होते. ते कुठून कुठं गेले नाहीत. त्यांच्या भोवतीचं राज्य बदललं, शाळा बदलल्या, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या, आणि तरी घरात शुभंकरोती मराठीत राहिली. कुणाच्याही मदतीशिवाय एवढं टिकवलेल्या माणसांना आपण क्रियापद चुकलं म्हणून हसायचं? मराठीच्या शुद्धतेसाठी झटलेले कवी माधव जूलियन ह्याच बडोद्यात १८९४ साली जन्मले. मराठी साहित्य संमेलन १९०९ साली इथं भरलं होतं, आणि २०१८ सालीही भरलं. सयाजीराव महाराज अल्पवयीन असताना ज्यांनी राज्याचा कारभार लावला ते दिवाण टी. माधवराव तंजावरकडचे मराठी. त्रावणकोर आणि इंदूरचं दिवाणपद करून इथं आलेले. त्यांच्या घरचं मराठी पुण्याच्या कानांना कसं लागलं असेल? मराठी एवढ्या लांबवर पसरलेली भाषा आहे, बाळ. तिचं एकच गाव नाही.

आणि हे नुसतं घरातल्या भाषेचं नाही. परवा तू ऑफिसच्या मुलींबरोबर सेव उसळ खाल्लीस आणि मला लिहिलंस की ‘ही आपल्या मिसळीची नक्कल आहे’. पुढच्या वेळी लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, उभी राहून नीट बघ. वाटाण्याची उसळ, वर मूठभर जाड सेव, कांद्याची पात, बाजूला पाव. मग लारीवाला लाल रस्सा वाढायला येतो आणि विचारतो, “तरी आपुं?” तरी! ज्याला आपण तर्री म्हणतो तीच ही. त्याचं सगळं आयुष्य गुजरातीत गेलं आहे, पण त्याच्या हातातल्या पळीत आपला शब्द आहे, आणि तो त्याचाही आहे. हे शहर असं शिजलेलं आहे. त्याला नक्कल म्हटलंस तर त्यातलं काहीच तुझ्या हाताला लागणार नाही.

मोठ्या शहरातून आलेल्या माणसाच्या सामानात एक मोजपट्टी असतेच. माझ्याही होती. ‘आमच्या मुंबईत’ असं म्हणून मी वाक्य सुरू करायचे: आमच्या मुंबईत असं नसतं, आमच्या मुंबईत कुणी विचारत नाही, आमच्या मुंबईत रात्री बारालाही मिळतं. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की तुमचं गाव उणं आहे. सहा महिने हे दोन शब्द तोंडातून काढू नकोस. मनात येतील ते येऊ देत, त्याला इलाज नाही. पण मुंबईत नाही असं इथं काय आहे, हे शोधायला लाग. मकरपुऱ्याच्या ऑफिसातून सुटल्यावर अर्ध्या तासात तू घरी असतेस. मुंबईत तुझे रोजचे चार तास गाडीत जात होते. ते तास आता तुझे आहेत, आणि सध्या ते तू ‘इथं काही नाही’ असं मैत्रिणींना कळवण्यात घालवतेस. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय बघितलंस का? महाराजांच्या खासगी संग्रहातून १९१० साली सुरू झालं. पुस्तकांच्या दालनात काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. तुला पुस्तकं आवडतात म्हणून सांगितलं.

महाराज स्वतः इथं आले तेव्हा बारा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, घरी शेती, लिहिता-वाचताही येत नव्हतं. १८७५ साली दत्तक घेऊन त्यांना ह्या शहरात आणलं आणि एकदम राजा केलं. एवढ्या मोठ्या दरबारात खेड्यातल्या त्या मुलाकडे लोक कसे बघत असतील, ह्याचा मी कितीदा विचार करते. तो मुलगा मराठी शिकला, गुजराती शिकला, इंग्रजी शिकला, आणि पुढे १९०६ साली त्यानं सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. प्रजा बहुतेक गुजराती बोलणारी होती. ज्या गावात आपण राहायला आलो, त्या गावातल्या मुलांसाठी त्यानं ते केलं.

आता ‘घाटी’. हा शब्द मी पहिल्यांदा गुजराती माणसाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या गिरगावात घाटावरून आलेल्या, घरोघरी भांडी घासणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या माणसांना आम्ही मराठी माणसंच ‘घाटी’ म्हणत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाही वाटत नव्हतं. तो शब्द आज तुला लागला, तेव्हा तो आधी कुणाकुणाला लागला असेल हेही आठव.

पण म्हणून सोसायचं नाही. त्या मुलानं पुन्हा म्हटलं तर हसू नकोस. तू हसलीस की त्याला वाटतं तुला चालतं. चारचौघांत आवाजही चढवू नकोस. त्याला एकटं गाठ आणि त्याच्या भाषेत सांग, “भाई, आ शब्द मने नथी गमतो.” एवढंच बोल, पुढे कारणं देत बसू नकोस. माझ्या प्रयोगशाळेत मला एकांना असंच सांगावं लागलं होतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यातला हांडव्याचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे सरकवला, आणि तो शब्द पुन्हा कधी आला नाही. सगळेच असे निघत नाहीत, हे मला माहीत आहे. दोनदा सांगूनही थांबला नाही तर वरिष्ठांना लेखी कळव, आणि त्यात संकोच करू नकोस.

आणि ‘गुज्जू’ तू सोड. आजपासून. मैत्रिणींशी बोलतानाही. मनात ठेवलेला शब्द चेहऱ्यावर येतोच, आणि समोरच्याला तो दिसतो.

तू लिहितेस, ही माणसं फार हिशेबी आहेत. आहेत ना. आमच्या समा भागात कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे. तो माणूस एक रुपया सोडत नाही आणि एक रुपया जास्त घेत नाही; सुटे नसले तर वहीत लिहून ठेवतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. ह्या नदीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीपर्यंत येतात, त्यामुळे कुणी घराबाहेर पाऊल टाकायला धजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस हातात काठी घेऊन, पाण्यात चाचपत, डोक्यावरच्या टबात दुधाच्या पिशव्या घेऊन आला. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा राहून त्यानं प्रत्येक घराला हाक मारली. आमच्या वरच्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ होतं, त्यांना त्यानं दोन पिशव्या जास्त दिल्या. पाणी ओसरलं, दुकान धुऊन पुसून झालं, आणि मग त्यानं वही काढून सगळ्यांचे पैसे मागितले. जेवढी पिशवीवर किंमत होती तेवढेच, वर एक पैसा नाही. सुटे नव्हते त्यांचे पाच-पाच रुपये मांडून ठेवले. हिशेबी म्हण त्याला, जरूर म्हण. पण म्हणताना तो पाण्यातला टबही डोळ्यांपुढे असू दे. तोच माणूस आहे तो.

घराचं बोलायचं तर मला जरा थांबावं लागेल.

ज्याचं स्वयंपाकघर त्याचं. ज्या घरात कांदा-लसूणही चढत नाही, त्यांनी आमच्या जागेत मासे शिजवू नका म्हटलं तर मला त्याचा राग येत नाही. खोटं सांगून खोली घेऊ नकोस. खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून अंडी उकडायची, म्हणजे भाडं भरून चोरासारखं राहायचं. सुरमई खावीशी वाटली तर माझ्याकडे ये. पण हेही जाणून अस की ‘व्हेज की नॉनव्हेज’ हा प्रश्न पुष्कळदा जेवणाचा नसतोच. त्याच्या आडून आडनाव, जात, धर्म विचारलेला असतो. ह्या शहरानं दंगली पाहिल्या आहेत, आणि दर दंगलीनंतर वस्त्या आणखी वेगळ्या होत गेलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. तुझ्या मुंबईतही हेच चालतं; मासे खाणाऱ्याला तिथंही सोसायट्या जागा देत नाहीत आणि मुसलमान भाडेकरूला तर दारातूनच वाटेला लावतात.

कमाटीबागेत तू फिरायला जातेस, म्हणजे सयाजीबागेत. तिथं एक जागा आहे, तिला संकल्पभूमी म्हणतात. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि कराराप्रमाणे १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले. ज्या राजानं शिकायला पाठवलं त्याच्याच राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली, आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणून धमकावून गेली. ओळखीच्या दोघांना त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही सांगून टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी त्या बागेत काढला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

तुझ्या तीन नकारांची त्याच्याशी बरोबरी करू नकोस, मीही करत नाही. तुला चौथं घर मिळेल. कारेलीबागेत माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. मी हे सांगते ते वेगळ्यासाठी. दोन खोल्यांचं भाडं तुला एकटीला जड जाईल, तू कुणीतरी सोबतीण शोधशील, आणि मग किल्ली तुझ्या हातात असेल. दाराशी येणाऱ्या मुलीला तू काय काय विचारणार, हे आजच ठरवून ठेव.

भाषेचं सोपं आहे, नुसतं लाजणं सोडायला हवं. गुजराती अक्षरांच्या डोक्यावरची रेघ गेलेली आहे, बाकी निम्मी अक्षरं तुला ओळखीची वाटतील. बसच्या आणि दुकानांच्या पाट्या वाचत जा, तीन आठवड्यांत वाचायला लागशील. डब्याच्या टेबलावर मोबाईल पिशवीत ठेव आणि सांग, “धीमे बोलजो, हुं शीखुं छुं.” शिकणाऱ्या माणसाला कुणी एकटं पाडत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. मोबाईल बघत जेवणाऱ्या मुलीबद्दल मात्र सगळ्यांचं एकच मत होतं, मुंबईची आहे, गर्विष्ठ आहे. तूही त्यांच्यासाठी एक ठरलेलं चित्र आहेस, ध्यानात येतंय ना? ते पुसणं बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे.

शब्दांचे घोटाळे होतील. एखादी बेन तुला विचारेल, “नवरी छे?” लाजू नकोस; गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. ‘वेळ आहे का’ एवढंच ती विचारते. आणि काही ठिकाणी दोन भाषा अशा जुळतात की जीव सुखावतो. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. गुजराती माणूस दारात उभा राहून ‘आवजो’ म्हणतो, म्हणजे पुन्हा या. माझ्या सासूबाई आणि समोरच्या बेन रोज संध्याकाळी असंच करायच्या. एक मराठीत “येते” म्हणायची, दुसरी गुजरातीत “आवजो” म्हणायची. दोघींची घरं दहा पावलांवर होती.

दर शुक्रवारी मुंबईची गाडी पकडू नकोस. आईची फार आठवण आली तर जा, त्याला कोण नाही म्हणेल. पण शनिवार-रविवार इथं काढल्याशिवाय गाव कळत नाही. ऑफिसातल्या चार मराठी मुलांचा गट आहे म्हणतेस, असू दे. पण ते जर एकत्र बसून ह्या गावाला नावंच ठेवत असतील तर तिथून उठ. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, कुणी गच्चीवर बोलावलं तर जा, नवरात्रात गरब्याला जा, पाऊल चुकलं तरी फेर धरून राहा. कार्तिकी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, तो बघायला माझ्याबरोबर चल. गर्दीत कोण मराठी आणि कोण गुजराती ते मला अजून ओळखता येत नाही.

सासूबाईंना जाऊन आता बारा वर्षं झाली. शेवटची काही वर्षं त्या माझ्याशी भरपूर बोलल्या, ‘येऊन गेले’ म्हणतच बोलल्या. मीही आता तसंच म्हणते. मुलगा ऑफिसातून आला की नातवाला हाक मारते, “बाबा येऊन गेले रे!”

एक राहिलंच. त्या खालच्या बेनचा खिचडीचा डबा अजून तुझ्याकडेच असेल. तो रिकामा परत देऊ नकोस. रविवारी सकाळी दहाला खंडेराव मार्केटपाशी ये, मी तिथं असेन. नारळ घेऊ आणि माझ्याकडे बसून वड्या करू. डबा घासून बरोबर आण.

तुझी,
मावशी